कॉन्सर्टच्या टेबलावर एलपी घ्यावी की ऑनलाइन मागवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कामानिमित्त दोन वर्षांसाठी मँचेस्टरला आला आहात, नवा टर्नटेबल घेतला आहे, महिन्यातून एखाद्या कॉन्सर्टला जाता. परवा हॉलमधल्या बँडच्या विक्रीच्या टेबलावर एक एलपी ३२ पौंडांना होती. घरी येऊन बघितलं तर तीच ऑनलाइन २५ पौंडांना. मित्र म्हणतो टेबलावरच घे, पैसे थेट बँडला जातात. तुम्हाला वाटतं सात पौंड उगाच का द्यावेत. शिवाय सगळा संग्रह शेवटी पुण्याला न्यायचा आहे.

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत: पैसे नेमके कोणाच्या खिशात जातात, दोन्हीकडची रेकॉर्ड तीच असते का, आणि खराब निघाली तर परत कोण घेणार. रेकॉर्ड तपासणं, प्रतवारी ठरवणं आणि विकणं हे माझं रोजचं काम आहे आणि माझ्या अनुभवात किंमत हा या तिन्हींनंतरचा मुद्दा आहे. उत्तर बँडच्या आकारावर, हॉलवर आणि रेकॉर्ड नवी की जुनी यावर अवलंबून आहे, म्हणून एका ओळीत सांगता येत नाही. तरी माझा कल आधीच सांगतो: जी रेकॉर्ड फक्त तिथेच मिळते किंवा जिचे पैसे खरोखर वाजवणाऱ्यापर्यंत पोचतात ती टेबलावर घ्यावी, जी परत करायची वेळ येऊ शकते ती ऑनलाइन किंवा दुकानातून घ्यावी.

आधी पैशांचं बघू, कारण मित्राचं म्हणणं अर्धंच खरं आहे. समजा एका छोट्या बँडने स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढल्या. छपाई, कव्हर, वाहतूक धरून एक प्रत साधारण ९ पौंडांना पडते. बँडची उलाढाल कमी, म्हणून व्हॅटची नोंदणी नाही. आता हीच रेकॉर्ड चार ठिकाणी २५ पौंडांना विकली तर काय होतं? आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण असंच असतं. पबच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत कार्यक्रम असेल आणि जागामालक कमिशन घेत नसेल, तर कार्ड मशीनचे ४०–४५ पेन्स वजा जाता बँडला १५ पौंडांच्या वर सुटतात. तोच बँड मोठ्या हॉलमध्ये वाजवत असेल आणि हॉल विक्रीवर २५ टक्के कमिशन, वर त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट घेत असेल, तर साडेसात पौंड हॉलचे झाले. बँडच्या हाती उरतात ८. बँडकँप या साइटवर, जिथे बँड आपलं पान काढून थेट विकतात, विकली तर साइट वस्तूंवर १० टक्के घेते, पैसे वळते करण्याचा खर्च सव्वा पौंडाच्या आसपास, खोक्याचा एखादा पौंड, तरी ११ उरतात. आणि मोठ्या ऑनलाइन दुकानातून घेतली तर आधी व्हॅट जातो, मग दुकानाचा हिस्सा, मग वितरकाचा, आणि बँडला सुटतात जेमतेम दोन. त्यातही लेबलचा वाटा असेल तर तो वेगळा.

म्हणजे 'टेबल की ऑनलाइन' ही विभागणीच फसवी आहे. कमिशन न घेणाऱ्या खोलीतलं टेबल सर्वांत चांगलं, त्याच्या खालोखाल बँडचं स्वतःचं ऑनलाइन पान, मग मोठ्या हॉलमधलं टेबल, आणि सर्वांत शेवटी मोठी दुकानं. तुम्ही पाहिलेली ३२ पौंडांची किंमत बहुतेक हॉलचं कमिशन भरून काढायलाच वाढवलेली असणार. ब्रिटनमधल्या फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या कलाकारांच्या संघटनेने २०२२च्या जानेवारीत कमिशन न घेणाऱ्या जागांची '१०० टक्के व्हेन्यूज' नावाची यादी सुरू केली. तिकीट काढलेला हॉल त्यात आहे का, हे दोन मिनिटांत बघता येतं. नसेल तर टेबलावरच्या माणसाला सरळ विचारा, 'इथे हॉल कट घेतो का?' तो प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्यालाही ते कमिशन डाचत असतं. घेत असेल तर कार्यक्रम मनापासून ऐका, आणि रेकॉर्ड घरी येऊन बँडच्या पानावरून मागवा. बँडकँप वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी आपला हिस्सा सोडून देतं. मार्च २०२० पासूनची ही प्रथा आहे. घाई नसेल तर तो दिवस साधावा.

मोठ्या लेबलच्या कलाकारांचं गणित वेगळं. तिथे कलाकार स्वतःच्याच रेकॉर्ड लेबलकडून घाऊक भावाने विकत घेऊन टेबलावर मांडतो. दुकानातल्या विक्रीची रॉयल्टी बहुतेक वेळा आधी घेतलेल्या उचलीत वळती होते, टेबलावरचा नफा मात्र त्याच रात्री रोख हाती पडतो. त्यामुळे मधल्या फळीतल्या, लेबल असलेल्या पण गाडी स्वतः चालवत गावोगाव फिरणाऱ्या बँडसाठी टेबलावरची खरेदी फार मोलाची असते. दहा-वीस हजार माणसांच्या अरीनात गाणाऱ्याला तुमच्या सात पौंडांनी फरक पडत नाही. तिथे निर्धास्तपणे स्वस्त मिळेल तिथून घ्या.

आता दुसरा प्रश्न: रेकॉर्ड तीच का? बहुतेक वेळा हो. एकाच कटिंगपासून, म्हणजे मूळ तबकडीवर एकदाच कोरलेल्या खाचेपासून, बनलेल्या साच्यांवर सगळ्या प्रती दाबल्या जातात, आणि 'टूर एडिशन' म्हणून जी वेगळी मिळते तिच्यात बहुधा प्लास्टिकचा रंग किंवा कव्हरवरची पट्टी एवढाच फरक असतो. आवाज त्यामुळे सुधारत नाही. काही प्रकारांत उलट बिघडतो. चित्र छापलेल्या रेकॉर्डमध्ये कागदी चित्रावर पातळ पारदर्शक थर असतो आणि खाच त्या थरात उमटते. तिथे मागची सरसर जवळजवळ नेहमीच जास्त येते. अंधारात चमकणाऱ्या रेकॉर्डची तीच तऱ्हा. एकरंगी रंगीत रेकॉर्ड नीट दाबलेली असेल तर काळीइतकीच शांत वाजते, शिंतोड्यांच्या नक्षीवाल्या बेभरवशाच्या. १८० ग्रॅमचं लेबल बघून जास्त पैसे देऊ नका. साधी एलपी १४० ग्रॅमच्या आसपास असते, आणि वजनाने बाक (तबकडी वाकणं) थोडा कमी येत असेल, पण खाचेतला आवाज वजनावर ठरत नाही. तो मास्टरिंग (छपाईआधीची आवाजाची शेवटची जुळणी) आणि कारखान्याच्या काळजीवर ठरतो.

तीच आहे की नाही याचा पुरावा रेकॉर्डवरच असतो. शेवटचं गाणं संपल्यानंतर आणि मधल्या कागदी लेबलाच्या अलीकडे जो गुळगुळीत पट्टा असतो, तिथे दिव्याखाली तिरकं धरून बघा. कोरलेली अक्षरं-आकडे दिसतील. त्यात कॅटलॉग क्रमांक, बाजू, कधी कटिंग करणाऱ्या इंजिनियरची आद्याक्षरं असतात. हाच मजकूर डिस्कॉग्ज या रेकॉर्डची सूची आणि बाजार असलेल्या साइटवर त्या रेकॉर्डच्या नोंदीत टाकलेला असतो. जुळला की तुमची प्रत कोणत्या छपाईची ते कळलं. टूर एडिशनबद्दल एक सावधगिरी: कार्यक्रमाच्या आठवड्यात तिचे भाव पुनर्विक्रीच्या बाजारात चढलेले दिसतात. दौरा संपला की उरलेल्या प्रती बरेचदा बँडच्याच साइटवर मूळ किमतीला येतात. प्रतींना हाताने क्रमांक घातले असतील किंवा त्या शहराचं नाव छापलं असेल, तर मात्र ती खरोखर तिथेच मिळणारी आहे. हवी असेल तर तेव्हाच घ्या.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नवे लोक त्याचा विचार नेमका करत नाहीत. नवी, सीलबंद रेकॉर्ड सदोष निघणं अजिबात दुर्मीळ नाही. दोष कुठला हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही टर्नटेबलचा राग रेकॉर्डवर काढाल किंवा उलट. काही खुणा सांगतो.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण होतो. टक-टक आवाज बरोबर १.८ सेकंदांनी परत येत असेल तर दोष रेकॉर्डवर आहे: ओरखडा, अडकलेला कण किंवा बाक. आवाज कसाही, केव्हाही येत असेल तर आधी सुई स्वच्छ करा आणि स्थिर विजेचा विचार करा. हिवाळ्यात इथे हीटर लावलेल्या खोलीत हवा इतकी कोरडी होते की कागदी आतल्या कव्हरातून काढलेली रेकॉर्ड नुसती तडतडते. कार्बन फायबरच्या ब्रशने एक-दोन फेरे पुसून, आतलं कव्हर प्लास्टिकचं अस्तर असलेलं बदलून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरा दोष म्हणजे कापड फाडल्यासारखा फर्रर्र आवाज, बहुधा एकाच बाजूच्या स्पीकरमधून. कारखान्यात प्लास्टिक साच्याच्या खाचांत पूर्ण भरण्याआधीच दाब सुटला किंवा उष्णता कमी पडली की खाचेच्या भिंती अर्धवट राहतात. दिव्याखाली तिरकं धरलं तर तिथे करडट, खरबरीत चट्टा दिसतो. हा धुऊन जात नाही, सुई बदलूनही जात नाही. परत करायचा तो हाच दोष, आणि जड रेकॉर्डमध्ये तो जास्त दिसतो. तिसरा, मधलं भोक मध्यावर नसणं: टोनआर्म (सुईचा दांडा) प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलतो आणि पियानोचा किंवा व्हायोलिनचा लांबवलेला सूर हेलकावे खातो. झुलणं दिसलं तरी सूर हलत नसेल तर राहू द्या. चौथा बाक. डोळा प्लॅटरच्या (रेकॉर्ड फिरवणाऱ्या थाळीच्या) पातळीवर आणून बघा. कडेला एकदा सुई वर-खाली होऊन गाणं नीट वाजत असेल तर ती परत करण्याजोगी नाही, पण सुई उडत असेल किंवा खोलगट रेकॉर्ड चटईवर घसरत असेल तर आहे.

दोष ओळखला, आता परत कोण घेणार? ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. हा हक्क टेबलावरच्या खरेदीलाही लागू आहे, कारण विकणारा व्यापारीच आहे. पण कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष यात अंतर पडतं. टेबल दुसऱ्या दिवशी ग्लासगोला असतं आणि पावती तुमच्याकडे नसते. म्हणून टेबलावर कार्डाने पैसे द्या, म्हणजे व्यवहाराची नोंद राहते, आणि रेकॉर्ड घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत दोन्ही बाजू पूर्ण ऐका. दोष निघाला तर बँडच्या किंवा लेबलच्या साइटवरच्या पत्त्यावर फोटो, कोरलेला क्रमांक, कार्यक्रमाची तारीख आणि दोष ऐकू येणारी अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत पाठवा. एवढं नीट दिलं की छोटे बँड बहुधा वाद न घालता दुसरी प्रत पाठवतात. 'खराब वाजते' एवढ्यावर कोणीही काही करणार नाही.

ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत विनाकारण परत करण्याची वेगळी सवलत असते, पण इथे एक मेख आहे: सीलबंद ध्वनिमुद्रणाचं सील फोडलं की ही सवलत संपते. म्हणजे 'ऐकलं, आवडलं नाही' म्हणून परत करता येणार नाही. सदोष म्हणून करता येते, सील फोडलेलं असलं तरी. दुकानाने 'उघडलेली घेत नाही' म्हटलं तर हा फरक शांतपणे लक्षात आणून द्या.

इथवर आलं ते एकत्र धरलं तर तुमच्या परवाच्या प्रसंगाला उत्तर असं: हॉल मोठा असेल, कमिशन घेत असेल, आणि टेबलावरची प्रत साधी असेल, तर न घेता आलात ते बरोबर केलंत. पण २५ पौंडांना घेताना ती बँडच्या पानावरून घ्या, कारण नाहीतर बँडच्या वाट्याला मोठ्या हॉलमधल्या टेबलापेक्षाही कमी जाईल.

टेबलावर घ्यायचं ठरलं की खरी कसोटी टेबलापासून घरापर्यंतची. एलपीचं कव्हर साधारण साडेएकतीस सेंटिमीटर चौरस असतं आणि इथल्या बऱ्याच हॉलमध्ये ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. म्हणजे एलपी मावेल अशी सॅक दारातच अडते. दाराबाहेर ठेवायची सोय नसेल तर खिशात घडी करून पातळ कापडी पिशवी आणि पॉलिप्रॉपिलीनची दोन बाहेरची पारदर्शक कव्हरं ठेवा. मँचेस्टरमध्ये बाहेर पडताना पाऊस असणारच, आणि ओल लागलेलं कव्हर एकदा फुगलं की पूर्ववत होत नाही.

खरेदीची वेळ साधावी लागते. कार्यक्रम संपल्यावरची रांग सर्वांत लांब असते, आणि मोजक्या प्रती तोवर संपलेल्या असतात. दारं उघडल्यावरची पहिली पंधरा मिनिटं किंवा आधी वाजवणाऱ्या बँडच्या वेळेत टेबल मोकळं असतं. पैसे भरा आणि विचारा, 'कार्यक्रम संपेपर्यंत बाजूला ठेवाल का?' नावाची चिठ्ठी लावून बरेच जण ठेवतात. नसेल जमत तर क्लोकरूममध्ये द्या. गर्दीत दोन तास काखेत धरून उभं राहिलात की कोपरे मोडतात आणि शेजारच्याची बिअर कव्हरवर सांडते. मांडलेली प्रत घेऊ नका, खालच्या खोक्यातली मागा. हातात आल्यावर चारही कोपरे, वरची कड आणि शिवण (कव्हराचा चिकटवलेला जोड) बघा. सील असलेली प्रत हलवल्यावर आत सैल सरकत असेल तर शिवण आतून कापली गेली आहे का ते नखाने चाचपा.

सही घ्यायची असेल तर आधी प्लास्टिकचं वेष्टन काढा. वेष्टनावरची सही त्याच्याबरोबरच जाते. गडद कव्हरला चंदेरी पेंट मार्कर, फिकट कव्हरला काळा कायमस्वरूपी मार्कर, दोन्ही आपले घेऊन जा. चकचकीत कव्हरावर शाई वाळायला पाच-दहा मिनिटं उघडी ठेवावी लागते, लगेच पारदर्शक कव्हरात सरकवली की पसरते. सही बाहेरच्या कव्हरावर किंवा आतल्या छापील कागदावर घ्या, रेकॉर्डवर कधीही नको. ऑनलाइन 'साइन्ड' म्हणून मिळते तिथे वर्णन नीट वाचा: बहुतेकदा सही कव्हरावर नसते, वेगळ्या छोट्या कार्डावर असते.

ऑनलाइन मागवताना सर्वांत जास्त नुकसान होतं ते कव्हराच्या शिवणीचं. पार्सल आपटलं की आतली रेकॉर्ड धारेसारखी सरकते आणि वरची किंवा उजवी कड फाडते. उपाय साधा आहे: ऑर्डरच्या टिपेत लिहा की रेकॉर्ड बाहेरच्या कव्हरातून काढून, आतल्या कव्हरासकट त्या कव्हराच्या मागे ठेवून पाठवा. जुन्या रेकॉर्ड विकणारे हे आपणहून करतात. सीलबंद नव्यांत ते शक्य नसतं, तिथे दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठे आहेत अशा खोक्यात पाठवणारे विक्रेते निवडा. मोठी दुकानं पुस्तकांबरोबर एकाच सैल खोक्यात टाकतात, कोपरे तिथेच जातात. पार्सल उघडताना कटर खोल घालू नका. आणि जानेवारीत व्हॅनमधून थेट आलेली रेकॉर्ड तासभर खोलीत ठेवून मगच वाजवा, थंड प्लास्टिकवर दव धरतं. पार्सल खर्च वाचवायचा तर एकाच विक्रेत्याकडून चार-पाच एकत्र घ्या. कव्हरासकट एक एलपी २५० ते ३०० ग्रॅम भरते, त्यामुळे पाच प्रती खोक्यासकट रॉयल मेलच्या छोट्या पार्सलच्या २ किलोंच्या मर्यादेत बसतात.

युरोप-अमेरिकेतून मागवत असाल तर १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर ब्रिटनचा व्हॅट विक्रीच्या वेळीच लागतो. २०२१पासून असं आहे. साइटने तो दाखवला नसेल तर विक्रेत्याला विचारून घ्या.

जुन्या रेकॉर्डचा मामला स्वतंत्र. त्या कॉन्सर्टला मिळत नाहीत, म्हणून इथे तुलना ऑनलाइन आणि दुकान यांची. डिस्कॉग्जवर प्रतवारी ठरवायला गोल्डमाइन या अमेरिकन मासिकाची पद्धत चालते: 'निअर मिंट' म्हणजे जवळजवळ नवी, 'व्हीजी प्लस' म्हणजे हलक्या खुणा पण आवाजात फारसा फरक नाही, नुसती 'व्हीजी' म्हणजे शांत जागी खरखर ऐकू येणार. 'गुड' या शब्दाने फसू नका, त्या पद्धतीत 'गुड' म्हणजे बऱ्यापैकी झिजलेली. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: 'वाजवून प्रतवारी ठरवली की नुसती बघून?' जुन्या हिंदी-मराठी रेकॉर्डसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा. ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात दाबलेल्या, एचएमव्हीच्या लेबलच्या एलपी लेस्टर-साउथॉलकडच्या आपल्या लोकांच्या घरांतून अजून बाहेर पडतात. वरून चकचकीत दिसतात, पण त्या काळच्या जड, झिजलेल्या सुयांनी खाचेच्या भिंती कुरतडलेल्या असतात. ओरखडा दिसत नाही आणि गाण्याचा वरचा सूर लागला की आवाज फाटतो. त्यावर धुण्याचा इलाज नाही. धुताना एक पथ्य: प्लास्टिकच्या एलपीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लावू नका. लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते.

आता पुण्याला नेण्याचं. चाळीस एलपी म्हणजे दुहेरी अल्बम धरून १२ ते १४ किलो. सर्वांत प्रिय दहा-बारा केबिनच्या पिशवीत घ्या. त्यांची रुंदी साडेएकतीस असल्यामुळे ३५ सेंटिमीटर रुंदीच्या पिशवीत बसतात, मात्र केबिनची वजनमर्यादा बरेचदा ७ किलो असते ते लक्षात ठेवा. तपासणीच्या एक्स-रेने रेकॉर्डला काही होत नाही. उरलेल्या एलपी सामानाच्या बॅगेत मध्यभागी, उभ्या, एकमेकींना चिकटून पण दडपून नव्हे, चारही बाजूंना कपडे. प्रत्येक रेकॉर्ड कव्हराबाहेर काढून आतल्या कव्हरासकट मागे ठेवा आणि दोन्ही मिळून बाहेरच्या पारदर्शक कव्हरात सरकवा. नव्यांची घट्ट वेष्टनं इथेच काढून टाका: उष्णतेत ती आवळतात आणि रेकॉर्डला बाक आणतात. खरेदीच्या नोंदी फोनमध्ये ठेवा, आणि निघण्याआधी भारतीय कस्टम्सच्या साइटवर सामानाची त्या वेळची मर्यादा बघा. वापरलेला, वेगवेगळ्या नावांचा संग्रह आणि एकाच अल्बमच्या दहा सीलबंद प्रती यांकडे अधिकारी वेगळ्या नजरेने बघतात. मित्रांसाठी ढिगाने नेऊ नका.

परतल्यावर परदेशातून ऑनलाइन मागवणं महाग पडतं: आयात शुल्क, त्यावर जीएसटी, वर कुरियरचा हाताळणी आकार, आणि पार्सल सोडवायला केवायसी. दोन रेकॉर्डना जितका हाताळणी आकार तितकाच बहुधा पाचांना, म्हणून मागवायचं तर जमवून मागवा. परदेशातल्या छोट्या बँडच्या रेकॉर्ड भारतातल्या दुकानांत क्वचितच येतात. म्हणून तुमच्या उरलेल्या काळात खर्चाचा कल तिकडे ठेवा. नावाजलेल्या जुन्या अल्बमच्या पुनर्मुद्रित प्रती मुंबईतही मिळतात, त्या इथून वाहून नेण्यात अर्थ नाही.

पुण्याच्या घरात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. मे महिन्यात बंद गाडीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवलेली एलपी एका दुपारीत वाकते, आणि ती पूर्ण सपाट परत होत नाही. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि रेकॉर्ड उभ्याच ठेवा, एकीवर एक नाही. बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पारदर्शक कव्हरं अजिबात वापरू नका. उष्ण-दमट हवेत त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर येतो आणि रेकॉर्डवर दुधाळ डाग बसतो, जो धुऊनही पूर्ण जात नाही. पॉलिप्रॉपिलीनची शंभर कव्हरं इथूनच घेऊन जा, त्यांचं वजनही फार नाही.